प्लास्टरमधली चार माणसं

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या ताईने कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं तेव्हा मी आधी हसलोच. मी पडलो कॉन्व्हेंटवाला. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईकडून समजून घेतलेल्या कविता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर प्रूफ वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं! पण हा विषय मला इंग्रजीत लिहायचा नव्हता. का, ते पुढे येईलच.

सुरुवात माझ्या उजव्या मनगटापासून करतो. सेकंड इयरच्या पहिल्या सेमला फुटबॉल खेळताना मी असा काही पडलो की मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्यांनी कधी घालून घेतलं असेल त्यांना आठवत असेल, डॉक्टर ती ओली पट्टी गुंडाळतात तेव्हा आधी गार लागतं आणि मग चार-पाच मिनिटांत हात आतून गरम व्हायला लागतो. मी घाबरलोच. डॉक्टर म्हणाले, "अरे इंजिनिअर ना तू? केमिस्ट्री विसरलास?"

विसरलो होतो खरा. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि उरते ती पांढरी भुकटी, प्लास्टर ऑफ पॅरिस. (पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीखाली जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून हे नाव.) या भुकटीत पाणी घातलं की ती आपलं गेलेलं पाणी परत घेते, त्याचे बारीक सुईसारखे स्फटिक होतात, ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा दगड तयार होतो. हे होताना उष्णता बाहेर पडते. आणि मजा अशी, की बहुतेक पदार्थ घट्ट होताना आकसतात, प्लास्टर मात्र किंचित फुगतं. त्यामुळे ते साच्याच्या प्रत्येक बारीक रेषेत जाऊन बसतं. आपल्याकडचे पीओपीचे गणपती इतके सुबक निघतात त्याचं निम्मं श्रेय या गुणाला आहे. (ते विसर्जनानंतर विरघळत का नाहीत, हा वेगळा लेख होईल.)

आता सेकंड सेम. मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसच्या सरांनी प्रत्येकाला एक प्रेझेंटेशन दिलं. माझ्या वाट्याला आलं इन्व्हेस्टमेंट कास्टिंग, म्हणजे आधी वस्तू मेणात बनवायची, तिच्यावर उष्णता सहन करणारं कवच चढवायचं, तापवून मेण गाळून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी याच पद्धतीची, बस्तरचं ढोकरा कामही याच पद्धतीचं आणि जेट इंजिनाची टर्बाइन ब्लेडही याच पद्धतीची. मला ब्लेडपेक्षा पुतळे बरे वाटले म्हणून नेटवर ब्राँझचे पुतळे शोधत बसलो. रात्रीचे दोन वाजले असतील. आणि एक फोटो समोर आला.

एक छोटीशी बाग, लोखंडी कुंपण, विटांची जमीन. दोन पुरुष उभे, त्यातल्या एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. शेजारी बाकावर दोन बायका बसलेल्या, एकीचा हात दुसरीच्या मांडीवर. चौघंही पांढरीफेक. बस. कोणी तलवार उपसलेली नाही, कोणी बोट दाखवत नाही, कोणाच्या हातात पुस्तकसुद्धा नाही. पहिल्यांदा मला वाटलं, चार माणसं प्लास्टरमध्ये घातलीत! आणि गंमत म्हणजे ते शब्दशः खरं निघालं.

हे शिल्प जॉर्ज सीगल या अमेरिकन शिल्पकाराचं. नाव 'गे लिबरेशन'. जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं ख्रिस्तोफर पार्क. या बागेसमोरच स्टोनवॉल इन हा बार आहे. त्या काळी अमेरिकेत समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांनी एकत्र जमणं हीच पोलिसांच्या लेखी धाड घालण्याजोगी गोष्ट होती. २८ जून १९६९ च्या पहाटे अशीच धाड पडली, पण त्या दिवशी लोक मुकाट्याने गाडीत चढले नाहीत. रस्त्यावर गर्दी झाली, झटापट झाली आणि हे पुढे काही रात्री चाललं. जगभर जून महिन्यात प्राइडच्या मिरवणुका निघतात त्या या घटनेमुळे.

दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, मिल्ड्रेड अँड्र्यूज फंड या संस्थेने सीगलला शिल्पाचं काम दिलं. अट वाचून मी थबकलो. शिल्प सार्वजनिक जागेत असावं, त्यात स्त्रिया आणि पुरुष सारखेच असावेत आणि त्यात दिसावी ती माया, एकमेकांबद्दलची आपुलकी. म्हणजे दंगलीचं स्मारक करायचं, पण त्यात दंगल नको!

सीगल १९२४ चा. न्यू जर्सीत त्याचा कोंबड्यांचा फार्म होता, पुढे त्याच खुराड्यांच्या शेडमध्ये त्याने स्टुडिओ केला. १९६१ मध्ये तो मोठ्या माणसांच्या चित्रकलेच्या वर्गाला शिकवत असे. तिथल्या एका विद्यार्थिनीचा नवरा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत होता. तिने मोडलेल्या हाडांवर बांधायच्या नव्या प्लास्टर पट्ट्या आणून दिल्या. सीगलने बायकोला सांगितलं, मला यात गुंडाळ. तिने गुंडाळलं. काढताना म्हणे अंगावरचे केस उपटून निघाले. (यावर माझा पूर्ण विश्वास आहे.) ते तुकडे जोडून त्याने टेबलाशी बसलेला माणूस तयार केला आणि मग आयुष्यभर, २००० मध्ये वारला तोपर्यंत, तो हेच करत राहिला. वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टच्या स्मारकात पावासाठी रांगेत उभे असलेले पाच पुरुष आहेत, तेही त्याचेच.

त्याची पद्धत आपल्या भाषेत सांगायची तर अशी. खऱ्या माणसाला हव्या त्या स्थितीत बसवायचं. कपड्यांवर-कातडीवर वंगण लावायचं. पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या एकेका भागावर बसवायच्या, हाताने दाबून, वळी नीट करत. घट्ट झालं की कापून कवच काढायचं आणि नंतर सगळे भाग सांधायचे. बाहेर उन्हापावसात ठेवायचं तर प्लास्टर टिकत नाही, कारण जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणून बाहेरच्या शिल्पांसाठी तो प्लास्टरवरून ब्राँझ ओतून घेई आणि त्याला पुन्हा पांढरा रंग देई, म्हणजे दिसायला प्लास्टरच.

आता यात एक गोष्ट आहे जी मला वाटतं फक्त प्लास्टर घालून बसलेल्या माणसालाच सुचेल. पट्ट्या सुकेपर्यंत हलता येत नाही. त्यामुळे पोझ अशी लागते की जी बराच वेळ धरून ठेवता येईल. उगारलेला हात अर्धा तास धरता येणार नाही, तो थरथरेल. खांद्यावर टेकवलेला हात धरता येतो. मांडीवर ठेवलेला हात धरता येतो. सीगलच्या सगळ्याच माणसांमध्ये एक थकवा, एक सैलपणा दिसतो, त्याचं कारण निम्मं त्याच्या स्वभावात आणि निम्मं मटेरियलच्या सेटिंग टाइममध्ये असावं, असा माझा अंदाज. दुसरं म्हणजे हे हात कल्पनेतले नाहीत. बाकावरच्या दोघींसाठी बसल्या त्या लेस्ली कोहेन आणि बेथ सस्किन, खऱ्याखुऱ्या जोडीदार. त्यांचं नातं पुढे कित्येक दशकं टिकलं आणि लेस्लीने २०२१ मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तकही काढलं. तो हात खरंच त्या मांडीवर होता.

फोटोकडे बघताना मला काय आठवलं ते आता सांगतो.

माझं मनगट मोडलं तेव्हा सहा आठवडे माझं सगळं माझ्या रूममेटने केलं. शर्टाची बटणं, बुटाची लेस. अंघोळीच्या आधी प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावायचा. जर्नल लिहून द्यायचा, तेही माझ्या अक्षरासारखं काढून! मेसमध्ये पोळीचे तुकडे करून ठेवायचा, मी मागायच्या आधी. सांगायचा मुद्दा, आपल्याकडे पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गावभर फिरतात, एका स्कूटरवर तिघं बसतात, कोणी बघतसुद्धा नाही. न्यूयॉर्कमध्ये ज्या हातासाठी इतकी भांडणं झाली तो हात आपल्या प्रत्येक बसस्टॉपवर दिसतो. मग एक दिवस कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ओरडलं, "आले बघा नवरा-बायको!" सगळे हसले. मी पण हसलो. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री, लाइट बंद केल्यावर, त्याने मला सांगितलं की त्याला मुली आवडत नाहीत. कधीच आवडल्या नाहीत. घरी माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, तुला सांगतोय. मी म्हणालो, "झोप आता, उद्या सबमिशन आहे." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी बटणं डाव्या हाताने लावायला लागलो. तो लेस बांधायला वाकला की मी पाय मागे घ्यायचो. चार दिवसांनी रेक्टरना सांगून रूम बदलून घेतली, कारण दिलं की हा रात्री लाइट चालू ठेवतो. प्लास्टर तेव्हा अजून हातावर होतं आणि त्यावर सगळ्यात मोठी सही त्याची होती.

मला काय झालं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाचा निकाल दिला तेव्हा मी आठवीत होतो. पेपरच्या पहिल्या पानावर मोठा फोटो होता आणि बाबांनी तो न बोलता घडी घालून ठेवला. वाईट काही बोलले नाहीत. काहीच बोलले नाहीत. शाळेतही कोणी काही बोललं नाही. म्हणजे मला या विषयावर द्वेष कोणी शिकवला नव्हता, पण बोलायला एक शब्दही दिला नव्हता. इंग्रजी शब्द होते, पण ते सिनेमातले. "तुला काय वाटलं असेल रे" हे तर मराठीतच विचारायला लागतं.

असो. शिल्पाकडे वळू, कारण त्याची गोष्ट इथून पुढे जास्त रंगते.

काम १९८० च्या सुमारास तयार झालं, पण न्यूयॉर्कमध्ये बसायला बारा वर्षं लागली. आसपासच्या काही रहिवाशांचा विरोध, बागेच्या दुरुस्तीचं रखडलेलं काम... आणि विरोध फक्त एका बाजूने नव्हता. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांच्यातलेही काही नाराज होते. शिल्पकार स्वतः समलिंगी नाही, मग त्याने का करायचं? चौघंही तरुण, सडपातळ, गोरे. आम्ही सगळे असे दिसतो का? मधल्या काळात एक प्रत १९८६ ते १९९१ विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात एका बागेत राहिली. दुसरी प्रत लॉस एंजेलिसने नाकारल्यावर १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बसली आणि त्याच वर्षी कोणीतरी हातोडा घेऊन तिच्यावर चाळीसेक घाव घातले. प्लास्टर असतं तर भुगा झाला असता. ब्राँझ लवचीक धातू, पोचे पडले, खरवडलं गेलं, पण माणसं उभी राहिली. दुरुस्त करून पुन्हा बसवली. १९९४ मध्ये पुन्हा हल्ला झाला, काळा रंग ओतला, आणि तो करणारे तिथलेच विद्यार्थी-खेळाडू होते.

मला ही बातमी वाचून प्रश्न पडला. हातोडा कशावर चालवला? शस्त्रावर नाही, घोषणेवर नाही, खांद्यावरच्या हातावर. त्या हाताने कोणाचं काय बिघडवलं होतं? आणि मग लक्षात आलं की मी पाय मागे घेतला तेव्हा माझ्याकडे फक्त हातोडा नव्हता, एवढाच फरक.

न्यूयॉर्कची प्रत अखेर २३ जून १९९२ ला बसली, महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या काळात. या बागेत आधीपासून एक पुतळा आहे, अमेरिकन यादवी युद्धातला जनरल शेरिडन, १९३६ चा. तो उंच चौथऱ्यावर. ही चौघं मात्र जमिनीवर, माणसाच्याच मापाची. बायकांच्या बाकावर मोकळी जागा आहे, लोक तिथे जाऊन शेजारी बसतात. आपल्याकडचे चौक आठवून बघा. घोडे आहेत, तलवारी आहेत, उंचावलेले हात आहेत, आणि त्यांचा आदर आहेच. पण दोन माणसं एकमेकांना हात लावून नुसती थांबली आहेत, असा पुतळा मला जिजाऊ आणि बाळ शिवबा सोडून एकही आठवेना. माझ्या शाळेच्या चॅपलमध्ये मेरी मातेच्या मांडीवर येशूचा देह असलेल्या शिल्पाची छोटी प्रतिकृती होती, तीही आई-मुलाचीच.

गोऱ्या रंगाचा आक्षेप मात्र पुढे पुन्हा वर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये काही कार्यकर्त्यांनी रातोरात त्यातल्या दोघांचे चेहरे आणि हात तपकिरी रंगवले, डोक्यावर विग चढवले. त्यांचं म्हणणं असं की स्टोनवॉलच्या लढ्यात मार्शा पी. जॉन्सनसारख्या काळ्या आणि सिल्व्हिया रिव्हेरासारख्या लॅटिन ट्रान्स स्त्रिया पुढे होत्या आणि स्मारकात त्या कुठेच नाहीत. आता तुम्ही म्हणाल, सीगलचा पांढरा हा कातडीचा रंग नाही, प्लास्टरचा रंग आहे, त्याचे सगळेच पुतळे पांढरे. बरोबर. मीही आधी हेच म्हणालो. पण मग तारखा पाहिल्या. शिल्प बसलं २३ जून १९९२ ला, आणि ६ जुलैला, म्हणजे दोन आठवड्यांत, मार्शाचा मृतदेह हडसन नदीत सापडला. त्यांच्या बाजूने विचार केला तर पांढरा रंग हा नुसता मटेरियलचा प्रश्न राहत नाही. २०१६ मध्ये ओबामांनी ही बाग आणि परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. २०२१ मध्ये कार्यकर्त्यांनी मार्शाचा अर्धपुतळा त्याच बागेत आणून बसवला.

अशी शिल्पं आणखीही आहेत, सगळी सांगत बसत नाही. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी एकच. मँचेस्टरच्या सॅकव्हिल गार्डन्समध्ये बाकावर ॲलन ट्युरिंग बसला आहे, हातात सफरचंद. ज्याच्या मशीनवर तुमचा अख्खा एक पेपर आहे त्याला १९५२ मध्ये समलिंगी संबंधांसाठी शिक्षा झाली, तुरुंगाऐवजी हार्मोनची औषधं घ्यावी लागली, १९५४ मध्ये तो गेला, आणि माफी मिळाली २०१३ मध्ये! पुतळा बसला २००१ मध्ये, त्याच्या वाढदिवशी. तो वाढदिवसही नेमका २३ जून. शिल्पकाराने आपला जुना ॲमस्ट्रॅड कॉम्प्युटर त्याखाली पुरून टाकला आहे. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात २००५ ते २००७ या काळात ॲलिसन लॅपर या चित्रकर्तीचा संगमरवरी पुतळा होता, मार्क क्विनने केलेला. तिला जन्मतः हात नाहीत, पाय आखूड, आणि पुतळ्यात ती गरोदर. उंची साडेतीन मीटरच्या वर. समोर खांबावर नेल्सन, त्यालाही एक हात नाही, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

त्याच चौथऱ्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये जे बसलं ते मला सीगलच्या शिल्पाचं धाकटं भावंड वाटतं. तेरेसा मार्गोलेस ही मेक्सिकन कलाकार. न्यायवैद्यक शिकलेली, शवागारात काम केलेली. तिने मेक्सिको आणि लंडनमधल्या ७२६ ट्रान्स आणि नॉनबायनरी माणसांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर लावून त्यांचे मुखवटे घेतले आणि एका मोठ्या ठोकळ्याभोवती रांगांमध्ये लावले. मेक्सिकोत पूर्वी बळींच्या कवट्या अशा चौकटीवर मांडत, त्याची ती आठवण. २०१५ मध्ये सियुदाद हुआरेझमध्ये मारल्या गेलेल्या कार्ला या तिच्या ट्रान्स मैत्रिणीसाठी हे काम आहे. आणि इथे ब्राँझ नाही. मुद्दाम नाही. प्लास्टर लंडनच्या पावसात झिजावं, नाकडोळे पुसट व्हावेत, हीच योजना. सीगलने विरघळू नये म्हणून धातू ओतला, हिने विरघळावं म्हणून ओतला नाही. एकाच मटेरियलच्या एकाच गुणाकडे बघण्याच्या या दोन तऱ्हा आमच्या कुठल्याही टेक्स्टबुकात नाहीत. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो. ७२६ माणसांनी डोळे मिटून चेहरा दुसऱ्याच्या हातात दिला. प्लास्टर गरम होतं तेव्हा आत काय वाटतं ते मला माहीत आहे. कोणीतरी शेजारी असावं लागतं.

प्रेझेंटेशनमध्ये मी टर्बाइन ब्लेडच दाखवलं. सीगलची एक स्लाइड घातली होती, आदल्या रात्री काढून टाकली. पण त्याच संध्याकाळी त्याच्या नव्या रूमवर गेलो. दार उघडं होतं. लॅपटॉपवर फोटो दाखवला, सॉरी म्हणालो, आणि आणखी बरंच काही असंबद्ध बोललो. त्याने लगेच मिठी वगैरे मारली नाही. म्हणाला, "चहा घेणार का?" आता आम्ही बोलतो. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो.

हा लेख छापायच्या आधी त्याला वाचायला दिला, कारण अर्धा लेख त्याचा आहे. नाव घालायचं नाही, ब्रँच घालायची नाही, गाव घालायचं नाही, एवढं त्याने सांगितलं. बाकी राहू दे म्हणाला. मी कच्च्या प्रतीत लिहिलं होतं की बाकावरच्या बाईचा हात दुसरीच्या गुडघ्यावर आहे. त्याने फोटो पुन्हा उघडला, मोठा केला, आणि पेनने खोडून वर लिहिलं, 'मांडीवर'. अक्षर माझ्यासारखं काढलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.